फुकटची विडी

तुळशीरामचं लग्न लागत होतं. मधे अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकं म्हणत होते. तेवढ्यात तुळशीराम खाली वाकला आणि अंतरपाटाखालून पलीकडचे पाय बघायला लागला. मुलगी पाहायला गेला तेव्हा तिच्या डाव्या पायाचं एक बोट वाकडं आहे हे त्यानं ध्यानात ठेवलं होतं. वाकडं बोट दिसलं, तेव्हा सरळ उभा राहिला. सगळं वऱ्हाड हसलं. ती मुलगी म्हणजे भामा. पुढे ती हे सांगायची तेव्हा शेवटी जोडायची, "मी बोट पुढंच करून ठेवलं होतं. मना म्हायत होतं, यो बगनार."

तुळशीराम बेलपाड्याचा. मी महादेव, त्याच आळीतला. आम्ही दोघांनी उभी हयात खाडीकाठच्या मिठागरात टोपली वाहिली. मी त्याला जेवढा ओळखत होतो तेवढा भामा सोडली तर कोणी ओळखत नसेल. आणि तरीही तो माझ्यावर पूर्ण विश्वास टाकायचा असं नाही. कोणावरच टाकायचा नाही.

पनवेलच्या बाजारात मडकं घ्यायचं तर तो त्यात पाणी ओतायचा, मडकं उन्हात ठेवायचा आणि तळाला ओल येते का हे बघत कुंभाराशेजारी बसून राहायचा. कुंभार शिव्या द्यायचा. हा बसूनच. एस.टी. नवी सुरू झाली तेव्हा ड्रायव्हर चढल्याशिवाय हा पायरीवर पाय ठेवायचा नाही. म्हणायचा, "ज्याची गाडी तो आदी बसू दे." चहावाल्यानं आतून कप आणला तर तो परत पाठवायचा. आपल्या डोळ्यांसमोर ओतलेला हवा. गावातली पोरं त्याला शंकासुर म्हणायची. शिमग्यातला शंकासुर तरी वर्षातून एकदा येतो, हा रोजचा.

एकाच गोष्टीवर त्यानं कधी शंका घेतली नाही. विडीवर.

आता काम काय होतं ते सांगितलं पाहिजे. मिठागरात कोंडीत, म्हणजे उथळ वाफ्यात, मीठ धरलं की ते ओढून बांधावर त्याची रास करतात. बायका फावड्यानं टोपल्या भरून द्यायच्या. आम्ही डोक्यावर चुंबळ ठेवायचो, वर टोपली, आणि बांधावरून चालत खाडीपर्यंत. तिथे मीठ न्यायला मचवा लागलेला. किनाऱ्यावरून मचव्यावर एक लांब फळी टाकलेली. फळीवरून चढायचं, टोपली रिकामी करायची, दुसऱ्या फळीनं उतरायचं, परत रास. मचवा भरतीच्या पाण्यावरच तरंगतो. पाणी उतरायच्या आत भरला नाही तर अर्ध्या भरल्या पोटानं चिखलात बसतो. म्हणून रांग थांबत नाही.

फळी लवते. मागच्यानं पुढच्याच्या पावलात पाऊल टाकलं तर ती आपल्याला उचलून देते. पाऊल चुकलं तर ती खाली जाते तेव्हा आपण वर असतो, मग माणूस आणि मीठ दोन्ही खाडीत. म्हणून रांगेतला पुढचा माणूस महत्त्वाचा. लोकांना वाटतं पुढच्याला ताकद लागते. ताकद सगळ्यांकडे होती. पुढच्याला लागते शंका. प्रत्येक भरतीला फळी नव्यानं बांधतात. ती कुठे सैल आहे, कुठे शेवाळलेली आहे, मचवा किती हलतोय, हे पावलानं आधी विचारून मग वजन टाकायचं. तुळशीरामसारखं हे कोणाला जमलं नाही. दादू मुकादमानं त्याला पुढे घातला तो म्हणूनच. मी दुसरा. माझ्यासमोर वर्षानुवर्षं त्याची पाठ होती.

पुढच्याला मान होता. दर मोसमाला मुकादम विचारायचा नाही, तुळशीराम जाऊन पुढे उभा राहायचा. ती जागा गेली तर मग कोंडीतला चिखल तुडवायचा, म्हाताऱ्यांबरोबर.

आणि मधे विडी. रांग थकली की दादू मुकादम जुडी घेऊन यायचा. "घ्या रं." प्रत्येक गड्याला एक विडी, फुकट. ती पेटवायची आणि बसायचं. विडी जळेपर्यंत बैठक. विडी संपली की बूड उचलायचं. घड्याळ कोणाकडे नव्हतं, विडी हेच घड्याळ. जो विडी ओढत नाही त्याला बैठक नाही. पण न ओढणारा गडी आमच्यात नव्हताच, म्हणून हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. बायकांना विडी नाही, तेव्हा बैठकही नाही. आम्ही बसलो की त्या टोपल्या भरून ठेवायच्या. त्यांची तंबाखू घरी, सकाळी, मशेरीची. भामा तव्यावर तंबाखू भाजायला लागली की अख्ख्या आळीला ठसका यायचा.

मुकादमाची विडी वेगळी, तुळशीरामची स्वतःची वेगळी. त्याच्या कानावर एक आणि ओठात एक असायचीच. मी काही वेगळा नव्हतो.

सत्तावन्न सालचा चैत्र. मोरा बंदराकडे जाणारा मचवा भरत होतो. फळीच्या मध्यावर तुळशीराम थांबला.

पुढचा माणूस थांबत नाही. मी माझं पाऊल हवेत धरलं. माझ्यामागे भगवान, त्याच्यामागे आणखी. फळी आमच्या खाली हेलकावे खायला लागली.

"काय रं तुळशा?" मी विचारलं.

मग चालायला लागला. खाली उतरल्यावर म्हणाला, "चुंबळ सरकली."

चुंबळ सरकली नव्हती. ती माझ्या डोळ्यांसमोर होती. आणि तो डावा दंड चोळत होता.

काही दिवसांनी परत तेच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा बैठकीत तो मला म्हणाला, "तुजी टोपली मना दे. माजी तू घे."

"का रं?"

"माजी जड भरतान."

टोपल्या बदलल्या. त्याची टोपली माझ्याएवढीच होती. त्याला पटलं नाही. टोपल्या भरणाऱ्या बायकांत भामाही होती. घरी तिला म्हणाला, "तू दाबून भरतेस."

भामा म्हणाली, "तुमाला मारून मना काय मिलनार? हाय काय तुमच्याकडं?"

मग त्याला फळीची शंका आली. उभी लावलीय, पूर्वी एवढा चढ नव्हता. फळी बदलून घेतली. मग पाण्याची. मिठागरावरचा माठ सोडून घरून तांब्या आणायला लागला. मग चुंबळीची. जुनी फेकून नवी वळली. एकेक गोष्ट बदलत गेला आणि दुखणं त्याच्याबरोबर चालत राहिलं. आळीतले लोक म्हणाले, करणी असेल, भगताकडे जा. तो म्हणाला, "भगताला कोनी सांगितलं?" भगतावरही त्याचा विश्वास नव्हता.

मला एवढंच दिसत होतं की पूर्वी तो फळीवर चढताना मागे वळून बोलायचा. "शेवाळ हाय", "उजवीकडं टाक", असं. आता बोलत नव्हता. भरल्या टोपलीखाली त्याच्याकडे बोलण्यापुरता वारा उरत नव्हता. मागून त्याचा श्वास ऐकू यायचा, लोहाराच्या भात्यासारखा.

शेवटी भामा त्याला पनवेलला दवाखान्यात घेऊन गेली. मीही गेलो, कारण मला मीठ लागून चिघळलेला पाय दाखवायचा होता. तिथे जे झालं ते मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

डॉक्टर मध्यम वयाचे. नळी लावून छाती ऐकली, पाठ ऐकली. दुखतं कुठे, दंडात जातं का, चढावर येतं का, थांबलं की जातं का, सगळं विचारलं. मग विचारलं, "विड्या किती?"

"सगळे ओढतान तेवड्या."

"सोड."

तुळशीराम त्यांच्याकडे बघत राहिला. "यात तुमचा काय फायदा?"

भामानं कपाळाला हात लावला. डॉक्टर मात्र रागावले नाहीत. "माझा तोटाच आहे. नाही सोडलीस तर परत परत येशील. सोडलीस तर येणार नाहीस."

"मंग सांगता कशाला?"

"ते सांगायलाच इथे बसलोय. हे बघ, हृदयाला स्वतःलाही रक्त लागतं. ते बारीक नळ्यांतून येतं. तुझ्या नळ्या अरुंद झाल्यात. विडीच्या धुरानं त्या आणखी आवळतात. तू वजन घेऊन चढतोस तेव्हा हृदयाला जास्त रक्त हवं, आणि नेमकं तेव्हा ते पोचत नाही. म्हणून ते ओरडतं."

"नळ्या तुमी बगितल्या?"

"आतल्या कशा दिसतील?"

"मंग?"

डॉक्टर हसले. तुळशीरामची नजर तोवर टेबलावर गेली होती. तिथे सिगारेटचा पत्र्याचा गोल डबा होता. त्यानं बोट दाखवलं. "यो काय?"

"उघडून बघ."

दुसरा कोणी असता तर लाजून नको म्हणाला असता. तुळशीरामनं झाकण काढलं. आत कापूस होता. त्यानं कापूस उचलून खालीही बघितलं. मग डबा हुंगला.

"वास हाय," तो म्हणाला.

"असणारच. मीही ओढत होतो. सोडली त्याला फार दिवस झाले नाहीत. अजून हात तिकडे जातो, म्हणून डबा समोर ठेवलाय." मग ते गंभीर झाले. "खरं म्हणजे विडी आणि टोपली, दोन्ही सोडायला हव्यात."

"दोनी काढून घेतल्यावर मी काय रातो?"

"मग विडी तरी. आणि दुखायला लागलं की थांबायचं. लपवायचं नाही, ओढून न्यायचं नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. विडी बंद करून बघ. फरक पडला नाही तर परत ओढ, माझी हरकत नाही."

त्यांनी एका छोट्या बाटलीत बारीक गोळ्या दिल्या. दुखलं की बसायचं आणि एक जिभेखाली धरायची, गिळायची नाही. बाहेर आल्यावर तुळशीराम म्हणाला, "गिळायची नाय, तर ती गोळी कसली?" घरी जाऊन त्यानं पहिली गोळी कोंबड्याला घातली. कोंबडा जरा वेळ गप्प बसला, मग उठून आरवला. तेव्हा बाटली विड्यांच्या पिशवीत ठेवली. विड्याही त्याच पिशवीत होत्या. विडी सुटली नव्हती.

पुढच्या भरतीला दादू मुकादम त्याच्याजवळ आला. बातमी पोचली होती.

"काय रं तुळशा, डॉक्टराकडं गेलतास?"

"पोटात वायू झालाय."

छातीचं नाव काढलं असतं तर त्याच दिवशी पुढची जागा गेली असती. दादूच्या तोंडावर विश्वास दिसला नाही. पण भरती चढत होती आणि पुढचा माणूस त्याला हवा होता. त्यानं जुडीतून विडी काढली, मग आणखी एक काढली. "वायूवर विडी बरी. तू दोन घे."

तुळशीराम दोन्ही विड्या हातात धरून बघत राहिला. मडक्याच्या तळाकडे बघायचा तसा.

त्या दिवसापासून तो दादूवर नजर ठेवायला लागला. मग एके दिवशी घरी येताना बांधावर मला म्हणाला, "म्हादू, दादू मुकादम कसा मानूस हाय?"

"कसा म्हंजे?"

"फाटकी टोपली कवा बदलून दिली त्यानं?"

"नाय दिली."

"माठ फुटला तवा?"

"आपनच आनला."

"मंग विडी कशी देतो?"

"पयल्यापासून देतान. त्याचा बाप पन द्यायचा."

"बाप तर त्याच्यापेक्षा चिकट होता."

थोडं चालून तो म्हणाला, "आज भूक कवा लागली होती तुला?"

"मचवा अर्दा झाला तवा."

"भाकरी कवा खाल्लीस?"

"पानी उतरल्यावर."

"मंग मदल्या वखताला भूक कुटं गेली?"

"विडी ओढली. गेली."

"कुटं गेली?"

मी टोपली एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"तो विडी देत नाय," तुळशीराम म्हणाला. "तो भाकरी नेतो. आपन भाकरीला बसलो तर रांग मोडंल. विडी दिली की रांग चालू. आनि मना दोन दिल्या. का दोन? त्याचा ज्यात फायदा, त्यात माजा तोटा असनार. डॉक्टर म्हनतो सोड, दादू म्हनतो घे. दोगांतला एक लबाड हाय. दादूला मी लई वर्सं बगतो."

असा हा हिशेब. हृदय, नळ्या, रक्त, यातलं काही नाही. दादूला त्यात काही कावा होता असं मला आजही वाटत नाही. बापानं जुडी वाटली, म्हणून यानं वाटली. म्हातारपणी मी त्याला विचारलंही. तो देवाची शपथ घेऊन म्हणाला, मला हे सुचलंच नव्हतं. मी हे तुळशीरामला सांगितलं. तो म्हणाला, "शपत घेतली? मंग नक्कीच होतं."

तर पुढच्या भरतीला दादूनं विडी पुढे केली आणि तुळशीरामनं ती परत त्याच्या हातात ठेवली.

आमच्यात कोणाच्या हातची विडी नाकारणं ही साधी गोष्ट नव्हती. भांडण मिटलं की विडी द्यायची. घेतली तर मिटलं, नाही घेतली तर मनात आहे. भगवाननं लगेच स्वतःची विडी पुढे करून बघितली. तीही नाकारली. भगवानचा चेहरा उतरला.

"माज्यावर कनचा राग?"

"राग नाय. ओढत नाय."

"माळ घातलीस काय?"

"नाय."

"मंग?"

तुळशीराम चुंबळ सोडून परत वळायला लागला. छातीचं कारण सांगता येत नव्हतं आणि दुसरं कारण दादूसमोर बोलता येत नव्हतं. रांगेत कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणालं, याला आपल्या विडीत काहीतरी घातल्याची शंका आहे. कोणी म्हणालं, मुकादमाच्या जागेवर डोळा आहे, म्हणून आपल्यातून उठतोय. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसावर आता सगळी रांग संशय घ्यायला लागली. मला कारण माहीत होतं, पण ते सांगणं माझं काम नव्हतं.

दादूनं वेगळाच नेम धरला. "विडी नाय? मंग बसतोस कशाला? उचल."

नियमच होता. विडी नाही, बैठक नाही. आम्ही बसलो होतो आणि तुळशीराम एकटा टोपली घेऊन फळी चढत होता. डॉक्टरांनी सांगितलेलं एक पाळायला गेला तर दुसरं मोडत होतं. विडी सोडली, पण दम खायची जागाही त्याबरोबर गेली. मचव्यावर पोचून त्यानं टोपली उलटी केली आणि डोलकाठीला हात लावून उभा राहिला. मचवा चालवणाऱ्या तांडेलानं काहीतरी विचारलं. हा फळीची गाठ बघत असल्यासारखा खाली बसला. पाठमोरा होता, पण हात तोंडाकडे गेलेला मी पाहिला. गोळी जिभेखाली गेली होती.

राशीजवळून भामाही बघत होती. फावडं तसंच मिठात रोवलेलं.

घरी तिचं आणि त्याचं काय झालं ते मला शेजारून ऐकू आलं. ती म्हणाली, सांगा मुकादमाला छातीचं. तो म्हणाला, सांगितलं तर जागा जाते. ती म्हणाली, मंग विडी घ्या, बसा, आनि ओढू नका. तो म्हणाला, "हातात आली की ओढीन. मी मना वळखतो." स्वतःवरही विश्वास नव्हता त्याचा. हे मात्र त्यानं बरोबर ओळखलं होतं.

पुढच्या भरतीला दादूनं विड्या वाटल्या. आम्ही पेटवल्या. दादू तुळशीरामला म्हणाला, "उचल."

तुळशीराम राशीकडे गेला आणि उभा राहिला. टोपल्या रिकाम्या होत्या. भामा फावडं टाकून बांधावर बसली होती. तिच्याशेजारी हौसा, आमच्यातली सगळ्यात वडील बाई. मग एकेक करून बाकीच्या.

"तुमाला काय झालं?" दादूनं विचारलं.

हौसा म्हणाली, "बैठक हाय ना?"

"बैठक विडीवाल्यांची."

"ते ओढतान, आमी वास घेतो."

आम्ही हसलो. दादू हसला नाही. तुळशीरामकडे वळून म्हणाला, "तू उचल."

तुळशीरामनं टोपली उचलली, उलटी करून झटकली आणि त्याला तिचा तळ दाखवला. "काय उचलू?"

मचव्यावरून तांडेल ओरडला, पाणी चाललंय. दादू बायकांकडे बघत होता, बायका खाडीकडे. हौसानं पदरानं पाय पुसायला सुरुवात केली, एकेक बोट सावकाश. भगवानची विडी सर्वांत शेवटी विझली. तेव्हा भामा उठली, बाकीच्या उठल्या, टोपल्या भरल्या आणि रांग चालू झाली. मचवा वेळेत भरला. दादूला बोलायला काही उरलं नाही. त्या दिवसापासून बैठक सगळ्यांची झाली.

पण ती मोजायची विडीनंच. आणि भानगड अशी झाली की एकेक जण विडी सोडायला लागला. तुळशीरामनं कोणाला उपदेश केला नाही. तो नुसता एखाद्याच्या विडीकडे बघायचा, मग दादूकडे, मग परत विडीकडे. त्या बघण्यानं विडी बेचव व्हायची. शेवटी सगळ्यांच्या बैठकीसाठी एकट्या भगवानला ओढावी लागायची. सगळे त्याला म्हणायचे, "सावकाश ओढ रं." विडी ओढली नाही तर विझते, आणि विझली की उठावं लागतं. भगवान एक दिवस वैतागून म्हणाला, "तुमच्यासाठी मी मरू काय?"

दुसऱ्या दिवशी हौसा घरून उदबत्ती घेऊन आली. मिठाच्या राशीत खोचली आणि पेटवली. "यी संपली की उटू."

दादू तिच्याकडे संशयानं बघत होता. उदबत्ती विडीपेक्षा फार वेळ जळते हे त्याच्या लवकरच ध्यानात आलं. तो आला, उदबत्ती मोडून अर्धी केली, परत राशीत खोचली. ती अर्धी उदबत्ती आमच्या मिठागरात पुढे कायम राहिली. नवे तांडेल विचारायचे, मिठाची पूजा करता काय?

तुळशीरामला विडी सुटणं सोपं गेलं नाही. भाजलेले चिंचोके चघळायचा. भांड्यांवर, कुत्र्यावर, माझ्यावर चिडायचा. आधी नव्हता तो खोकला सोडल्यावर सुरू झाला, तेव्हा तो तडक डॉक्टरांकडे भांडायला गेला. डॉक्टर म्हणाले, साचलेलं बाहेर पडतंय, पडू दे. पडलं. खोकला गेला. त्यानं तेही मानलं नाही, म्हणाला, "चिंचोक्यानं गेला."

भामाला त्याच्यावर विश्वास नव्हता. संध्याकाळी तो घरी आला की उंबऱ्यातच थांबवायची. "हा करा." तो तोंड उघडून श्वास सोडायचा, ती हुंगायची. काही दिवस त्यानं हे सोसलं. मग म्हणाला, "आनि तू? तुज्या मशेरीचं काय? ती काय तांदळाची हाय?" भांडण झालं. भामानं मशेरीचा डबा खाडीत टाकला. तिनं खरंच टाकला का, याची तुळशीरामला शंका होती. मग सकाळी तो म्हणायचा, "दात दाखव." ती दाखवायची. संध्याकाळी ती म्हणायची, "हा करा." हे आम्ही आळीतले सगळे रोज ऐकायचो. इतर घरांत सकाळी लोक देवाचं नाव घ्यायचे.

पुढच्या चैत्रात मोठ्या उधाणाला मचवा लागला. फळी लांब टाकलेली, चढ चांगलाच. तुळशीराम पुढे, मी मागे. गोळ्यांची बाटली पिशवीत होती. ती त्यानं शेवटपर्यंत सोडली नाही आणि कधीमधी उपयोगीही पडली. डॉक्टरांनी सांगितलेलं एक तो पाळत होता. जड वाटलं की आधीच सांगून रांगेबाहेर व्हायचा, दम खायचा. लपवत नव्हता. दादूला एव्हाना सगळं कळलं होतं, पण पुढची जागा दुसऱ्या कोणाला जमत नव्हती.

त्या दिवशी एक खेप झाली, दुसरी झाली. मागून मी नेहमीसारखा कान देऊन होतो. भात्याचा आवाज येत नव्हता. वर्षभर ज्या आवाजाची भीती वाटली, तो नाही म्हणून मला जास्त भीती वाटली.

मग फळीच्या मध्यावर तुळशीराम थांबला.

माझं पाऊल हवेत राहिलं. मागे भगवान थांबला, त्यामागे सगळे. खाली राशीजवळ भामाचं फावडं थांबलेलं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. मी त्याच्या डाव्या हाताकडे बघितलं. हात टोपलीच्या काठावर होता, दंडावर नव्हता. त्याचा उजवा पाय फळीवर हळूहळू दाबत होता. दाबायचा, उचलायचा, परत दाबायचा.

"म्हादू," तो म्हणाला. डोक्यावर भरली टोपली, खाली लवणारी फळी, आणि आवाज असा की ओट्यावर बसून बोलतोय. "तांडेलाला सांग, वरची गाठ बगायला. मना शंका येते."

एका दमात बोलला, शब्द कुठे तुटला नाही.

तांडेल कुरकुरत वाकला. गाठ अर्धी सुटलेली होती. त्यानं ती पक्की बांधली. तुळशीरामनं पाय ठेवून परत एकदा दाबून बघितलं, मग आणखी एकदा. खालून हौसा ओरडली, "मेल्या, चाल आता, उदबत्ती लावू काय तितंच?"

तो चालायला लागला. मी त्याच्या पावलात पाऊल टाकलं.